तुझं तेल गाडीत टाक

चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, आदल्या दिवशी सकाळी मी पडवीत शेगडी मांडून भोपळ्याच्या चकत्या तळत बसले होते, आणि कुंपणापलीकडं नुलमीदेक आपल्या लेकाच्या नावानं घसा फोडत होती.

"तेगू! आरं ए तेगू! तुजं त्याल बाकड्याखाली ठिवलंया बग. आदी गाडीत टाक. मागनं इसरशील!"

"टाकतो गं!"

जरा वेळानं परत तेच. "टाकलंस का त्याल?"

"टाकलं, टाकलं! किती वेळा विचारशील?"

मी चकत्या उलटल्या आणि त्या बोलण्याचा विचार सोडून दिला. सणाच्या दिवशी मायलेकरं बोलणारच. आमच्या सगळ्या खोऱ्यात त्या दिवशी तव्यावरच्या तेलाचा एवढा वास दाटला होता, की आमच्या पिवळ्या कुत्र्याला कुणाच्या दारात जाऊन बसावं ते कळत नव्हतं.

नुलमीदेक म्हणजे नुलमी गावाहून या गावात दिलेली. आमच्यात सून म्हणून आलेल्या बाईला माहेरच्या गावानंच हाक मारतात. मी कामने गावची, म्हणून कामनेदेक. तिचं खरं नाव मला दवाखान्यात कळलं, तिच्या गुडघ्यांत डॉक्टरांनी धातूच्या वाट्या बसवल्या तेव्हा. त्यानंतर सपाटीवर ती एक जुनी बाबागाडी ढकलत चालते, तिच्याच आधारानं. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या तशाच चालतात. पण तिचं रानतिळाचं वावर आहे वर, चढाच्या टोकाला, नवऱ्याच्या थडग्याच्या खालच्या अंगाला. तिथं बाबागाडी काय कामाची? तिथं तिला नेते ती सबारी.

सबारी म्हणजे चार जाड चाकांची छोटी गाडी. मोटारसायकलीसारखं हँडल, मागं बुट्टी बांधायला लोखंडी जाळी. रोज सकाळी ती माझ्या कुंपणावरून चढ चढते. तिचा आवाज आला की मी तांदूळ धुवायला घेते. सबारी आहे म्हणून नुलमीदेक त्या घरात एकटी राहते, खाते, पिते आणि मला येऊन चार शिव्या देते. सबारी नसती तर तिला तिच्या लेकानं केव्हाच उचलून नेलं असतं.

आता या लेकाबद्दल. तेगू तिचा एकुलता एक, राजधानीत, सोलला, कुठल्याशा कंपनीत साहेब. सणासाठी लोक वाडवडिलांच्या थडग्यावरचं गवत कापायला पंधरा दिवस आधी येतात. हा सणाच्या आदल्या दिवशी आला, तोही एकटा. बायकोचं डोकं दुखत होतं म्हणे. मिरानचं डोकं दर चुसोकला दुखतं, त्यात नवल नाही. पण गाडीतून पाय खाली टाकायच्या आधी त्यानं तोंडाला मास्क लावला, ते मी बघितलं. खालच्या अंगाला डुकरांचा गोठा आहे, वास येतो, मी नाही म्हणत नाही. पण हा त्याच वासात रांगला, त्याच वासात भात जेवून मोठा झाला. आईच्या आंबवणाच्या मडक्यांजवळून जाताना त्यानं मास्कवर आणखी हातही धरला. मला बघूनच शिसारी आली. एवढं नाक मोठं झालं असेल तर यावंच कशाला माणसानं?

तर तेगूनं गवत कापायचं यंत्र सबारीच्या जाळीवर बांधलं आणि निघाला. माझ्या कुंपणापर्यंत बरा आवाज होता. चढ लागला तशी सबारी खोकायला लागली. फट, फट, फुस्. मागनं पांढरा धूर निघाला. मला काहीतरी जळल्याचा वास आला, म्हणून मी धावत जाऊन तवा बघितला, तर शेगडी मी आधीच बंद केलेली. परत येऊन बघते तर सबारी निम्म्या चढावर थांबलेली आणि साहेब ब्रेक दाबून दाबून मागं घसरत माझ्या फाटकाशी आलेले.

"मेली ही!" तेगूनं हँडलवर हात आपटला. मग खिशातून ओला कागद काढला, बोटं पुसली आणि कागद टाकला माझ्या मुळ्याच्या वाफ्यात.

"त्यो उचल आदी," मी म्हटलं.

"काय काकू?"

"त्यो कागद. तुज्या सोलात टाकत असशील खाली. हितं मुळं हायती."

त्यानं दोन बोटांनी कागद उचलला. तोवर नुलमीदेक बाबागाडी ढकलत आली.

"काय झालं रं?"

"काय व्हायचंय? संपलं हिचं आयुष्य. इंजिनात दम राहिला नाही. किती वर्षांची आहे ही?"

"काल सांच्याला रताळ्याची दोन पोती घिऊन उतरली. सकाळी रिकामी वर ग्येलती, सरळ. खोकली न्हाय की थांबली न्हाय."

"काल चालली म्हणून आज चालेल असं थोडंच आहे? माणसाचंही तसंच असतं, आई." त्यानं मास्क हनुवटीवर ओढला आणि आवाज गोड केला. तो गोड आवाज काढला की मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटते. "हे बघ, मी उन्हाळ्यापासून सांगतोय. जागा बघून ठेवलीय. स्वच्छ आहे. नर्स असते, वेळेवर जेवण असतं. तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट धरून ठेवलीय मी. तू इथं या भंगारावरून कुठं दरीत गेलीस तर मला कोण कळवणार?"

"मी कळवीन की," मी म्हटलं.

"काकू, हा आमच्या घरचा विषय आहे."

"मग माज्या फाटकातनं उचल तुमचा इषय आन तुज्या घरात ने."

नुलमीदेक आमच्या दोघांकडं बघतच नव्हती. ती सबारीच्या मागच्या चाकावर हात ठेवून उभी होती. वर चढाच्या टोकाला तिचा रानतीळ पिवळा पडायला लागला होता. सण झाला की दोन दिवसांत कापायला हवा होता, पहाटेच्या दवात, नाहीतर दाणा गळून मातीत जातो.

"ही चडली तर?" ती म्हणाली.

"आई, ती चढत नाही. मी आत्ता बघितलं ना."

"चडली तर म्हंती मी. वर वावरापतुर चडली तर पुना त्या खाटंचं नाव काडायचं न्हाय. मरूस्तवर काडायचं न्हाय."

तेगू हसला. "आणि नाही चढली तर? उद्या जेवण झालं की माझ्याबरोबर यायचं. बॅग भरून. रडारड नाही."

"न्हाय रडणार."

"आक्का, असं काय बोलतीस?" मी तिचा हात धरला. "सनासुदीचं दुरुस्तीवाल्याचं दुकान बंद हाय. आता आज कोन बगनार हिला?"

"तुजा म्हातारा बगंल की. उटव त्याला."

आमच्या म्हाताऱ्याला यंत्रातलं कळतं ते एवढंच, की आधी खोलायचं आणि मग उरलेले स्क्रू डब्यात ठेवायचे. पण म्हातारीनं शब्द देऊन टाकला होता, आणि ती शब्द मागं घेणारी नाही.

आमचे हे पायजम्याची दोरी बांधत बाहेर आले. घसा खाकरला, कुंपणापलीकडं थुंकले. तेगूनं तोंड फिरवलं. ह्यांनी सबारीभोवती एक फेरी मारली, टाकीचं झाकण काढून आत डोळा लावला.

"टाकी तर गच्च भरलीया."

"भरलेलीच आहे," तेगू म्हणाला. "तेलाचा प्रश्नच नाही. इंजिनच गेलंय."

"थांब रं. चोक बगितला का? चोक ओढलेला ऱ्हायला की आशीच फुसफुसती." चोक बघितला, तो आत होता. मग ह्यांनी मागची बाजू उचलायला सांगितली. चाकाला ब्रेक चिकटून बसला असेल तर गाडी ओढत नाही म्हणे. मी आणि तेगूनं जाळी धरून उचललं, ह्यांनी हातानं चाक फिरवलं. चाक सुरेख फिरलं, आणि त्याला चिकटलेलं ओलं शेण माझ्या सणाच्या नव्या झग्यावर उडालं.

"ब्रेक न्हाय," हे म्हणाले.

"माज्या झग्याचं काय?"

"धू."

मग हवेची जाळी. सीट काढली, डबी उघडली, तर आत उंदरानं भाताच्या काडांचं घर केलेलं. ह्यांनी एवढ्या आनंदानं ते घर उचलून दाखवलं, की जणू यांनीच बांधलं होतं. त्यातून दोन वाळलेली पिल्लं पडली. शी! मी मागं सरले. तेगू तर पार फाटकाबाहेर गेला.

"सापडलं! श्वास कोंडला हुता बिचारीचा."

जाळी झटकली, बसवली, चालू केली. सबारीनं पांढरा धूर सोडला, चार हात चढली आणि पुन्हा फुस् झाली. घसरत माझ्या फाटकाशी.

"झालं समाधान?" तेगूनं घड्याळ बघितलं. "आई, कपडे भर. गरम कपडे जास्त घे, तिथं थंडी असते."

बाबागाडीच्या छोट्या सीटवर नुलमीदेक बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर. मी इतकी वर्षं तिला बघतेय. नवरा गेला त्या दिवशीही ती अशीच बसली होती. माझा जीव तुटला आणि त्याच वेळी तेगूचं ते घड्याळ काढून मडक्यात टाकावं असं वाटलं.

"प्लग काडा," मी ह्यांना म्हटलं. "काईतरी करा की!"

प्लग काढला. टोक काळंकुट्ट, वर चिकट राळ बसलेली. ह्यांनी पायजम्याला पुसला, नखानं खरवडला, तेच नख मग दातांनी साफ केलं. मग माझ्या शेगडीवर प्लग भाजून घेतला, जिथं मी सकाळपासून सणाचं तळत होते तिथंच. पण बसवल्यावर सबारी जरा नीट बोलली. पहिल्या वळणापर्यंत गेली! नुलमीदेक उठून उभी राहिली. मी टाळी वाजवली. आणि वळणावर परत तेच, फट, फुस्, धूर. ह्यांनी प्लग पुन्हा काढून बघितला, तर एवढ्यात पुन्हा काळा आणि चिकट.

"च्यायला," हे म्हणाले. "ह्ये काय चिकाट ओकतीया ही? पेट्रोलात पानी ग्येलं असंल. येक वाडगं आन."

मी म्हटलं जुना डबा आणते. पण मी वळायच्या आत ह्यांनी पडवीतून पांढरा वाडगा उचलला. सणाचा! पूर्वजांसमोर सूप ठेवायचा! मी ओरडेपर्यंत कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला आणि वाडग्यात पेट्रोल गळायला लागलं.

"आवं त्यो तुमच्या आईच्या पूजंचा वाडगा हाय! तुमाला काय अक्कल?"

"धू की. पानी असलं तर तळाला थेंब बसत्यात, पांढऱ्यातच दिसत्यात." त्यांनी वाडगा हलवला, डोळे बारीक करून बघितलं. "पानी न्हाय." आणि वाडगा मडक्यांच्या ओट्यावर उन्हात ठेवून दिला. "न्हाय बा. मला काय कळंना."

आता कुणालाच काही सुचेना. तेगू फाटकाशी उभा राहून फोनवर मिरानशी बोलत होता. बोलता बोलता "हो हो, उद्याच घेऊन येतोय" एवढं मला ऐकू आलं. हे सिगरेट ओढायला दूर गेले. मी उरलेल्या चकत्या ताटात काढून नुलमीदेकपुढं ठेवल्या. तिनं एक उचलली आणि हातातच धरली.

"माजी बाबागाडी तू ठिव," ती म्हणाली. "तितं खुर्ची देत्यात म्हनं ढकलायची."

"गप बस, आक्का."

"आन रानतीळ तूच काप. गळायच्या आत काप. त्याल काड. दोन बाटल्या तेगूला धाड, बाकीचं तुला."

"अजून त्यालाच?" मला संताप आवरेना. "तुला भंगारात काडतोय त्यो, आन तू त्याला त्याल धाडतीस?"

ती काही बोलणार एवढ्यात आमचा पिवळा कुत्रा मडक्यांच्या ओट्यावर चढला. मी बघते तर तो सणाच्या वाडग्यात तोंड घालून लपालपा चाटतोय. शेपटी हलवत! मी चप्पल फेकली. "मेल्या, पेट्रोल हाय त्ये! मरशील!" चप्पल लागली, तो उतरला, आणि दोन पावलांवर बसून जिभेनं नाक चाटत पुन्हा वाडग्याकडं बघायला लागला.

"कुत्रं पेट्रोल चाटतंय व्हय?" हे सिगरेट टाकून आले.

नुलमीदेक उठली. ओट्याला धरत धरत गेली, वाडगा उचलला. पेट्रोल केव्हाच उन्हानं उडून गेलं होतं. तळाला पातळसा पिवळा थर राहिला होता, आणि कुत्र्याच्या जिभेच्या रेघा. तिनं वाडगा नाकाशी नेला. मग कुत्र्याचं तोंड न लागलेल्या कडेनं बोट फिरवून जिभेला लावलं.

"आक्का! थुक त्ये!"

ती थुंकली नाही. वाडगा हातात घेऊन तशीच फाटकाकडं वळली.

"तेगू, फोन ठिव."

"थांब गं, महत्त्वाचं..."

"ठिव म्हंती न्हवं!"

त्यानं फोन ठेवला.

"सकाळी मी तुला म्हनलं, तुजं त्याल गाडीत टाक. टाकलंस न्हवं?"

"टाकलं म्हणून दोनदा सांगितलं की तुला."

"कुटल्या गाडीत?"

तेगूनं सबारीकडं बघितलं. मग त्याची नजर फाटकाबाहेर गेली, तिथं त्याची लांबलचक पांढरी गाडी उभी होती, डिकी बंद. त्याचं तोंड हळूहळू उघडलं. मास्क हनुवटीवरच होता, म्हणून नीट दिसलं.

आमच्यात तेल म्हणजे सगळंच तेल. तव्यातलं तेही तेल, थंडीत शेगडीत जळतं तेही तेल आणि टाकीतलं पेट्रोलही तेलच. म्हातारीनं लेकासाठी वर्षाचं काढून ठेवलेलं रानतिळाचं तेल सोलला न्यायला बाकड्याखाली ठेवलं होतं. लेकानं ते सबारीला पाजलं. ह्यांच्या डोक्यात हे शिरलं तसे ते हसायला लागले ते थेट खोकला लागेपर्यंत.

"दोनी बाटल्या?" नुलमीदेकनं विचारलं.

"तूच म्हणालीस गाडीत टाक! मी सबारीवर बसलेलो होतो. आणि सोजू दारूच्या रिकाम्या बाटल्या त्या! तुझ्या पडवीत सगळंच सोजूच्या बाटल्यांत असतं. पेट्रोल त्यातच, रॉकेल त्यातच, औषध त्यातच. मला काय माहीत कशात काय ते?"

"आन वास? वास न्हाय आला तुला?" मी विचारलं.

त्याचा हात आपोआप मास्ककडं गेला.

मला वाटलं आता नुलमीदेक त्याला फैलावर घेईल. पण तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"दर साली मी ह्याच बाटल्यांत दिती रं. तोंडाला प्लास्टिक, वरनं लाल रबर. औंदा बी तसंच हुतं. तू रबर काडलंस, प्लास्टिक काडलंस, तरी तुला वळखलं न्हाय?"

"घाईत होतो, आई."

"मग सोलात निऊन तू त्या बाटल्यांचं काय करतूस?"

आमचे हे हसायचे थांबले.

"काय करतूस?"

"वॉचमनला देतो," तो म्हणाला. सबारीच्या टाकीकडं बघत म्हणाला. "मिरानला तो वास सहन होत नाही. वाया नाही जात, आई. तो गावाकडचा आहे, त्याला आवडतं."

मी नुलमीदेकला रानतीळ कापताना बघितलंय. झोडपताना, पाखडताना, एकेक खडा वेचताना, आणि त्या धातूच्या गुडघ्यांनी घाण्यावर रांगेत उभी राहून "पहिलं पिळलेलं वेगळं काडा, त्ये तेगूचं" म्हणताना. मला जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. नासलेल्या भाताच्या भांड्याचं झाकण उघडल्यावर वाटतं तसं वाटलं. मी तोंड वळवून थुंकले, आणि या खेपेला ह्यांच्यासारखीच जोरात थुंकले.

"बरं क्येलंस," नुलमीदेक म्हणाली. "त्येनं तरी खाल्लं. आता माज्या सबारीतलं भाईर काड."

ह्यांनी नळी आणली. तेगू म्हणाला, पंप नाही का? ह्यांनी सांगितलं, पंप शेजारच्या गावात गेलाय. पंप आमच्या कोठीतच होता, खिळ्याला टांगलेला. मी डबा आणून खाली ठेवला.

"तोंड लाव, वढ आन खाली सोड. टाकलंय त्येनंच काडायचं."

तेगूनं मास्क काढून खिशात ठेवला. नळीचं टोक रुमालानं तीनदा पुसलं. आधी भीत भीत ओढलं, काही आलं नाही. मग जोर लावला आणि घोटभर सरळ तोंडात आलं. तो वाकला, थुंकला, खोकला, डोळ्यांतून पाणी काढलं. पेट्रोल आणि रानतीळ दोन्ही त्याच्या हनुवटीवरून सणाच्या शर्टावर ओघळत होतं. नळीतून डब्यात पिवळी धार चालू राहिली.

नुलमीदेक बाबागाडीवर बसून बघत होती. ती हसली नाही.

"कसं झालंय औंदाचं?" तिनं विचारलं.

तो खोकतच राहिला. मी त्याला चूळ भरायला पाणी दिलं, तेही जरा सावकाशच दिलं.

टाकी रिकामी झाल्यावर ह्यांनी थोडं चांगलं पेट्रोल घालून ती विसळली, ते फेकलं, मग नीट भरली. कार्बोरेटरखालचा स्क्रू उघडून आतलं गेलं तेवढं वाहू दिलं. प्लग पुन्हा माझ्या शेगडीवर भाजला. या खेपेला मी स्वतः शेगडी पेटवून दिली. सबारी चालू केली तशी ती चार वेळा खोकली, पांढरा धूर ओकली, आणि मग हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. फट फट फट फट. तोच आवाज, ज्यावर मी रोज तांदूळ धुते.

"उतर," नुलमीदेकनं ह्यांना सांगितलं.

"मी निऊन बगतो की आदी."

"उतर म्हंती. माजी हाय."

तिनं एक पाय हातानं उचलून पलीकडं टाकला. हँडल धरलं. गवत कापायचं यंत्र अजून जाळीवर बांधलेलं होतं. ते सोडायला लावलं आणि तेगूच्या खांद्यावर दिलं.

"त्ये तू आन. बापाचं गवात हाय, तुजं वजं तू वहा."

आणि ती निघाली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. निम्म्या चढावर जिथं सकाळी दम सुटला होता तिथं आवाज जरा खाली आला. मी कुंपण घट्ट धरलं. ह्यांनी शिवी हासडली. मग आवाज वर चढला आणि सबारी धूर सोडत टोकाला पोचली. रानतिळाच्या पिवळ्या वावराच्या कडेला तिनं ती उभी केली आणि आमच्याकडं वळूनही बघितलं नाही. तेगू खांद्यावर यंत्र घेऊन चढ चढत होता, आईच्या धुरात. मास्क खिशातच होता.

"आता खाट कुनाला दिनार रं?" मी खालून ओरडले. तो ऐकून न ऐकल्यासारखा चालत राहिला. पण सणाच्या दिवशी जेवणात, पूजेत, निरोपात, खाटेचं नाव निघालं नाही. शब्द पाळला त्यानं, तेवढं मी म्हणेन. जाताना डिकीत आईनं रताळी भरली, मिरच्या भरल्या. तेल नव्हतं.

रानतीळ कापला, वाळवला, झोडपला. पहिलं हिवं पडलं तेव्हा घाण्यावरून तेल आलं. त्या सकाळी मी नुलमीदेकच्या पडवीत बसले होते आणि तिचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन मोठ्या आवाजात लावून बाकड्यावर ठेवते.

"आई," तेगू म्हणाला. "तब्येत बरी ना? थंडी पडलीय ना तिकडं? बरं, मिरान विचारत होती... या वर्षीचं तेल झालं का? टीव्हीवर कुणी डॉक्टर सांगत होता म्हणे, रानतिळाचं तेल हृदयाला फार चांगलं. तिला पाहिजे होतं."

माझं तोंड कडू झालं. नुलमीदेक लाल रबर बाटलीच्या तोंडाला गुंडाळत होती. ते गुंडाळून झालं. दोन्ही बाटल्या तिनं बाबागाडीच्या सीटवर ठेवल्या, हलू नयेत म्हणून मधे फडकं कोंबलं.

"झालं की," ती म्हणाली. "तुजं त्याल आत्ताच गाडीत टाकलं."

पलीकडनं बारीक आवाजात त्यानं विचारलं, "कुठल्या गाडीत?"

तिनं फोन बंद केला, बाबागाडीला हात लावला आणि ती ढकलत माझ्या घराकडं निघाली.